प्रोजेक्ट मॅनेजर मोठा की टेक्निकल लीड? सातबाऱ्याकडे बघून शोधलेलं उत्तर



प्राथमिक शाळेतल्या शिक्षकाने आयटी प्रोजेक्टवर का लिहावं, असं काहींना वाटेल. पण कारण आहे. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन या आपल्या किनारपट्टीवरची मुलं आता ऐरोलीला, हिंजवडीला आयटी कंपन्यांत नोकरी करतात. गणपतीला, शिमग्याला गावी आली की भेटतात आणि कामाच्या गोष्टी सांगतात. त्यात एक वाद नेहमी निघतो. प्रोग्रॅम लिहिणारे म्हणतात, "मॅनेजरला काही येत नाही, तो फक्त 'झालं का, झालं का' विचारतो आणि पगार मात्र जास्त घेतो." मॅनेजर झालेले म्हणतात, "टेक्निकल लोकांना वेळेचं भान नसतं, ग्राहकाशी बोलता येत नाही. आम्ही नसतो तर एकही काम पूर्ण झालं नसतं."

आणि हा वाद ऐकून पालक आपल्याला विचारतात, "सर, पोराला आतापासून कोडिंगचा क्लास लावू, की त्याला बोलायला-चालायला शिकवू?"

म्हणून आज या प्रश्नाकडे नीट बघू या. माझं मत आधीच सांगून टाकतो. दोघांपैकी मोठा कोण, असं एका शब्दात सांगता येत नाही. पण कोणत्या गोष्टीत कोणाचा शब्द शेवटचा असावा, हे मात्र सांगता येतं. ते ठरलेलं नसेल तर दोन्ही माणसं हुशार असूनही काम बुडतं.

दोघे करतात तरी काय?

आधी सोप्या भाषेत समजून घेऊ. टेक्निकल लीड म्हणजे सॉफ्टवेअर कसं बनवायचं हे ठरवणारा माणूस. माहिती कुठे आणि कशी साठवायची, एकाच वेळी हजारो लोक आले तर काय करायचं, चूक कुठे होऊ शकते, कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर, हे तो बघतो. तो स्वतःही प्रोग्रॅम लिहितो आणि बाकीच्यांचं काम तपासतो.

प्रोजेक्ट मॅनेजर हा काम वेळेत, ठरलेल्या पैशात आणि लोकांना हवं तसं पूर्ण होतंय का, ते बघतो. ग्राहकाशी बोलणं, माणसं मिळवणं, अडथळे दूर करणं, परवानग्या आणणं, वरिष्ठांना उत्तर देणं ही त्याची कामं. तो एक ओळही प्रोग्रॅम लिहीत नाही, म्हणून त्याचं काम डोळ्यांना दिसत नाही.

आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांना हे समजवायला मी नाखवा आणि तांडेल यांचं उदाहरण देतो. नाखवा म्हणजे बोटीचा मालक. डिझेल, बर्फ, रेशन, खलाशांची उचल आणि आलेल्या म्हावऱ्याची विक्री, हे सगळं तो बघतो. तांडेल बोट चालवतो. उधाण आहे की भांग, वारा कुठला, जाळं कुठे टाकायचं, कधी ओढायचं, हे तो ठरवतो. आठ-दहा दिवसांच्या फेरीला जायचं तर बर्फ कमी भरून चालत नाही. तिथे नाखव्याचं गणित चुकलं की चांगलं म्हावरंसुद्धा बंदराला येईपर्यंत खराब होतं. पण वादळाची चिन्हं दिसल्यावर माघारी फिरायचं की नाही, हे बंदरावर बसलेल्या नाखव्याने फोनवरून ठरवलं तर काय होईल? उत्तर कोळीवाड्यातलं लहान मूलही देईल.

छोट्या होडीवर मात्र नाखवा आणि तांडेल बहुतेक वेळा एकच माणूस असतो आणि ते छान चालतं. सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. तीन-चार जणांच्या कामाला वेगळा मॅनेजर लागत नाही. काम मोठं झालं की दोन माणसं लागतात, आणि मग वादही सुरू होतो.

आपल्या घरातलं उदाहरण : सातबारा

आता खरं उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातला सर्वांच्या परिचयाचा आयटी प्रोजेक्ट कोणता? माझ्या मते सातबाऱ्याचं संगणकीकरण. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाची ते लिहिलेलं असतं आणि गाव नमुना बारामध्ये पीक कोणतं ते. राज्यात असे सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत. पिढ्यान् पिढ्या तलाठ्यांनी हाताने लिहिलेले. कुठे शाई पुसट झालेली, कुठे कागद जीर्ण झालेला.

रायगडकरांना सातबाऱ्याचं मोल वेगळं सांगायला नको. याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातल्या चरी इथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतीविरुद्ध शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ असा संप केला. सहा वर्षं शेती पडीक ठेवली, हाल सोसले. कसणाऱ्याचं नाव कागदावर यावं यासाठी ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी एवढं सोसलं, त्यांच्या सातबाऱ्यातलं एखादं नाव टाइप करताना गळलं तर ती 'डेटा एंट्रीतली किरकोळ चूक' म्हणायची का? त्यात आपल्याकडे जमिनीचे तुकडे गुंठ्यांत आणि एकेका उताऱ्यावर दहा-पंधरा नावं. निम्मी माणसं मुंबईला. म्हणजे चूक झाली तरी लक्षात यायला वर्षं जाणार.

या प्रकल्पाचं सॉफ्टवेअर तयार केलं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने. प्रकल्प चालवला पुण्याच्या जमाबंदी आयुक्त कार्यालयाने. ई-फेरफार प्रकल्पाचे राज्य समन्वयक म्हणून रामदास जगताप यांनी काम पाहिलं. ते उपजिल्हाधिकारी, म्हणजे महसूल खात्यातले अधिकारी. बघा, एका बाजूला सॉफ्टवेअर बनवणारे आणि दुसऱ्या बाजूला जमिनीचा कायदा आणि तलाठी कार्यालय ओळखणारे. आपल्या प्रश्नातली ती दोन माणसं इथे समोरासमोर आहेत.

आता तीन गोष्टी पाहू.

पहिली गोष्ट, चावडी वाचन. हस्तलिखित उतारे संगणकात भरले गेले, पण त्यात चुका राहिल्या. नावं चुकली, क्षेत्र जुळेना. संगणक दोन आकडे जुळत नाहीत एवढं दाखवू शकतो. पण बरोबर कोणता, हे त्याला कसं कळणार? ते कळतं गावाला. म्हणून २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली. संगणकातला सातबारा खातेदारांसमोर वाचायचा आणि आक्षेप घ्यायचे. हा उपाय कोणत्याही प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकात सापडणार नाही. चावडी वाचन ही महसूल खात्याची जुनी पद्धत. ज्याला गाव माहीत आहे त्यालाच ती सुचते. हे मॅनेजरच्या बाजूचं काम.

दुसरी गोष्ट, दुरुस्तीची सोय. चुका सापडल्या, पण त्या दुरुस्त करायच्या कशा? कोणीही उठून रेकॉर्ड बदलू शकला तर अनर्थ होईल. कोणालाच बदलता आलं नाही तर चूक कायमची राहील. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये आधी एडिट आणि मग री-एडिट अशी सोय करून देण्यात आली. कोणाला किती अधिकार, कोण तपासणार, कोण मंजूर करणार, हे सगळं प्रोग्रॅममध्ये बांधावं लागतं. हे शुद्ध टेक्निकल काम. नुसत्या आदेशाचं पत्र काढून ते होत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. जमिनीच्या व्यवहारानंतर फेरफार नोंद होते तेव्हा संबंधितांना नोटीस जाते आणि आक्षेप घ्यायला १५ दिवसांची मुदत असते. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. एखादा उत्साही प्रोग्रॅमर म्हणेल, "१५ दिवस कशाला? एका सेकंदात नाव बदलून देतो." त्याला ते खरंच जमेल. पण ते १५ दिवस यंत्राच्या संथपणामुळे आलेले नाहीत. मुंबईत राहणाऱ्या बहिणीला कळावं, तिला "माझाही हिस्सा आहे" असं म्हणता यावं, यासाठी ते ठेवलेले आहेत. कोणता उशीर निरुपयोगी आणि कोणता उशीर म्हणजे न्याय, हे सांगणारा माणूस प्रकल्पात हवाच.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सर्व्हर संथ चालतो, दिवसा काम होत नाही, ही तलाठ्यांची तक्रार त्या वर्षांत वर्तमानपत्रांत सतत येत होती. 'अमुक तारखेपर्यंत काम पूर्ण करा' असा आदेश निघाला म्हणून सर्व्हरची ताकद वाढत नाही. राज्यातले सगळे तलाठी सकाळी एकाच वेळी काम उघडतील तेव्हा यंत्रणा किती भार पेलेल, हे सांगायचा अधिकार टेक्निकल माणसाचा. ते न विचारता तारीख ठरली की रात्री जागतो तो खालचा कर्मचारी. आपण शिक्षकही ऑनलाइन माहिती भरताना हा अनुभव घेतो, त्यामुळे जास्त सांगत नाही.

पुढे १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला आणि नंतर १५ रुपयांत घरबसल्या मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर आली. शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पिकाचा फोटो काढून नोंद करायची. त्यात शेतकऱ्यांच्या चुका होऊ लागल्या. मग पुढच्या वर्षीच्या नव्या आवृत्तीत ४८ तासांत स्वतःच दुरुस्ती करायची सोय आली. शेतातली अडचण वरपर्यंत पोचवणं हे एकाचं काम आणि तिच्यावर ॲपमध्ये उपाय करणं हे दुसऱ्याचं. यातलं एक काढून बघा, काय उरतं?

अमेरिकेतही हेच झालं

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. १ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेच्या सरकारने आरोग्य विम्यासाठी हेल्थकेअर डॉट गव्ह ही वेबसाइट सुरू केली. अनेक मोठ्या कंपन्या कामाला होत्या. पैसा भरपूर होता. पण सुरू झाल्याबरोबर साइट कोलमडली. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली फक्त सहा जणांची! कंपन्या बऱ्याच, पण एकूण यंत्रणेची तांत्रिक जबाबदारी एका हातात नव्हती. तारीख मात्र पक्की होती.

मग दुरुस्तीसाठी दोन प्रकारची माणसं आणली. एक जेफ झाइंट्स. हे व्यवस्थापनातले, प्रोग्रॅमर नव्हेत. दुसरे माइकी डिकरसन. हे गूगलमधले इंजिनिअर. डिकरसन यांनी रोजच्या बैठकीसाठी काही साधे नियम केले. त्यातल्या एका नियमाचा अर्थ असा की, बैठकीत त्या प्रश्नाची सर्वांत जास्त माहिती असणाऱ्याने बोलावं, हुद्दा सर्वांत मोठा असणाऱ्याने नव्हे. आपल्या केंद्र बैठकीतही हा नियम लावायला हरकत नाही, नाही का?

झाइंट्स यांनी वरून येणारा दबाव सांभाळला, जबाबदारी कोणाची ते ठरवलं. डिकरसन आणि त्यांच्या सोबत्यांनी बिघाड शोधले. डिसेंबरच्या सुरुवातीला साइट बहुतेकांना वापरता येऊ लागली. जे आधी इतक्या महिन्यांत जमलं नव्हतं, ते साधारण सहा आठवड्यांत जमलं. दोघांनी आपापलं काम केलं म्हणून जमलं.

एक जुना धडा

या विषयावरचं एक गाजलेलं पुस्तक आहे फ्रेड ब्रुक्स यांचं, 'द मिथिकल मॅन-मंथ', १९७५ सालचं. ब्रुक्स यांनी आयबीएम कंपनीत संगणकाच्या एका प्रचंड मोठ्या प्रकल्पाचं नेतृत्व केलं होतं. त्यांनी सांगितलेलं एक सूत्र असं : उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसं लावली की उशीर आणखी वाढतो.

आपल्या भाषेत सांगतो. भाताची लावणी दहा दिवसांची असेल तर जास्त माणसं लावून ती दोन दिवसांत उरकता येते. पण लावलेलं भात पिकायला जे तीन-चार महिने लागतात, ते शेतात शंभर माणसं उभी केली तरी कमी होत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये काही काम लावणीसारखं असतं आणि काही काम पिकण्यासारखं. कोणतं कुठलं, हे टेक्निकल लीडला कळतं. मॅनेजरने ते ऐकलं नाही की तो पिकण्याच्या दिवसांत मजूर वाढवत बसतो.

ब्रुक्स यांनी या दोन भूमिकांना निर्माता आणि तांत्रिक दिग्दर्शक असं म्हटलं आहे. त्यांच्या मते दोन्ही कामं एकच माणूस करू शकतो. किंवा निर्माता प्रमुख आणि दिग्दर्शक त्याचा उजवा हात, किंवा उलट. तिन्ही रचना चालू शकतात. मला हे पटतं. जत्रेतलं नाटक आठवा. वर्गणी, पडदा, लाइट, परवानगी बघणारा एक आणि तालीम घेणारा दुसरा. कोणाचं नाव पत्रिकेत वर छापलं याने नाटक पडत नाही. वर्गणीवाल्याने मधेच "हा प्रवेश काढा, वेळ होतोय" म्हटलं आणि तालीमवाल्याला विचारलंच नाही, तर नाटक पडतं.

मग शेवटचा शब्द कोणाचा?

माझं मत तीन मुद्द्यांत मांडतो.

१) "किती दिवस लागतील?" याचं उत्तर काम करणाऱ्याने द्यावं. मॅनेजरने प्रश्न विचारावेत, पर्याय मागावेत, "काय कमी केलं तर लवकर होईल?" असंही विचारावं. पण उत्तर स्वतः बदलू नये.

२) "कोणाला, काय, कधी देणार?" हा शब्द मॅनेजरने द्यावा आणि तो पाळण्याची जबाबदारीही त्यानेच घ्यावी. टेक्निकल लीडला आवडलं म्हणून लोकांना नको असलेली गोष्ट महिनोन्महिने बनवत बसणं, हेही चूकच आहे.

३) काम थांबवण्याचा अधिकार दोघांनाही हवा. "हे सुरू केलं तर कोसळेल" असं टेक्निकल लीडला म्हणता आलं पाहिजे. "हे सुरू केलं तर लोकांवर अन्याय होईल" असं मॅनेजरला म्हणता आलं पाहिजे. आणि तसं म्हणणाऱ्याला कोणी भित्रा म्हणू नये.

काही जण म्हणतील, "सर, कागदावर छान आहे. प्रत्यक्षात मॅनेजर नुसता तक्ता भरतो." असे मॅनेजर आहेत, मान्य. पण वाईट तांडेल भेटला म्हणून बोट तांडेलाशिवाय सोडायची का? ज्याला आपल्या कामातलं काहीच कळत नाही आणि विचारून घ्यायचीही तयारी नाही, तो मॅनेजर नको, हे बरोबर. मॅनेजरच नको, हे बरोबर नाही.

बढतीचा प्रश्न, आपल्याही क्षेत्रातला

आता थोडं आपल्याबद्दल. आयटीतल्या अनेक मुलांची खरी तक्रार वेगळीच असते. चांगलं प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला बढती म्हणून मॅनेजर करतात. नको असेल तर पगार तिथेच अडतो. मग उत्तम प्रोग्रॅमर जातो आणि नाखूश मॅनेजर मिळतो. एका निर्णयात दोन नुकसानं.

शिक्षकांना हे नवीन नाही. पहिलीच्या वर्गाला जीव लावून वाचायला शिकवणारा शिक्षक केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी होतो आणि फळ्यापासून दूर जातो. त्या पदांवरही चांगली माणसं हवीतच. ज्याला ते काम मनापासून जमतं त्याने जरूर जावं. पण मान आणि पगार फक्त तिकडेच असेल, तर वर्गात कोण थांबणार?

आपल्याकडे निदान एक चांगली सोय आहे. १२ वर्षांनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतर निवड श्रेणी. तिच्या अटी, प्रशिक्षण, उशीर यांबद्दल आपल्या तक्रारी असतील. पण मूळ विचार बघा. वर्ग न सोडता वेतन वाढू शकतं, हे त्यात मान्य केलं आहे. आयबीएमनेही १९६० च्या दशकातच 'फेलो' हा मोठा मान उत्तम तांत्रिक काम करणाऱ्यांसाठी सुरू केला. ज्या कंपनीत असा दुसरा जिना आहे तिथे मॅनेजर आणि लीड यांचं भांडण कमी होईल, कारण एकाचा मान दुसऱ्याकडून हिसकावून घ्यावा लागणार नाही.

वर्गात काय करता येईल?

पालकांच्या प्रश्नाचं उत्तर आता देता येईल. कोडिंग जरूर शिकवा. पण ज्या मुलाला गणितात कमी गुण आहेत आणि जो सहलीच्या दिवशी कोणाचा डबा राहिला, कोणाला गाडी लागते, कोण मागे पडलं हे न सांगता बघतो, त्याला 'याचं काही होणार नाही' असं म्हणू नका. तो करतो तेही कौशल्यच आहे. तसंच कोपऱ्यात बसून खराब बॅटरी उघडणाऱ्या मुलीला 'चारचौघांत बोलत नाही' म्हणून मागे ढकलू नका.

शाळेच्या परसबागेचा प्रकल्प घ्या. पाच-सहा मुलांचा गट करा. एकाला 'काम कसं करायचं' हे ठरवू द्या : वाफा किती, बी किती खोल, पाणी कधी. दुसऱ्याला 'काम पूर्ण कसं होईल' हे बघू द्या : पाळी कोणाची, खत कुठून, सुट्टीत पाणी कोण घालणार. महिनाभराने भूमिका बदला. मग मुलांना हे प्रश्न विचारा :

• तुला कोणतं काम सोपं वाटलं? का?
• दुसऱ्याचं कोणतं काम तुला आधी दिसत नव्हतं?
• तुमचं मत जुळलं नाही तेव्हा कोणाचं ऐकलं? ते बरोबर होतं का?

तिसऱ्या प्रश्नावर मुलांना भांडू द्या. लगेच निकाल देऊ नका. उद्या यातलाच एखादा मुलगा किंवा मुलगी आपल्या गावाचा सातबारा ज्या यंत्रणेत आहे तिथे काम करेल. तेव्हा समोरच्या माणसाला "हे मला कळत नाही, तू सांग" असं म्हणायची सवय तिला किंवा त्याला आपल्या शाळेतून लागलेली असावी.